विषय: फँटसी बेसबॉल, ऑक्टोबर २०२४, कीपर यादी – मेसन मिलरला १३ डॉलरला ठेवायचं की सोडायचं?

प्रेषक: बंडू, फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

नवरात्राच्या गडबडीत मेल टाकतोय, पण कोजागिरीच्या रात्री आपण मसाला दुधाला जमणार तेव्हा सगळ्यांच्या कीपर याद्या, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या आपल्या फँटसी टीममध्ये पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं त्या, पक्क्या करायच्यात म्हणून आत्ताच विचारतो. ए'जचा, म्हणजे ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा, पिचर मिलर मला मार्चच्या ऑक्शनमध्ये ८ डॉलरला मिळाला होता, आपल्या नियमाने ५ वाढून पुढच्या वर्षी १३. मी ठेवतोय. अण्णा परवा फोनवर म्हणाले की हरणाऱ्या टीमचा क्लोजर (शेवटच्या इनिंगला आघाडी राखायला येणारा पिचर) घेऊन करणार काय, तर म्हटलं जे काय ते सगळ्यांसमोरच होऊ दे.

आधी आकडे. २०२४ मध्ये ६५ इनिंग, १०४ स्ट्राइकआउट, २८ सेव्ह, ईआरए २.४९, व्हिप ०.८८. यंदा नवीन आलेल्यांसाठी सांगतोय: स्ट्राइकआउट म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद, सेव्ह म्हणजे थोडक्यातली आघाडी राखून मॅच संपवणं, ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावरचे रन, आणि व्हिप म्हणजे दर इनिंगला हिट आणि वॉक (चार खराब बॉलवर मिळालेला बेस) मिळून किती जण बेसवर गेले ते. व्हिप एकाहून कमी असला की भारी समजायचं. फास्टबॉलची सरासरीच ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे १६० किलोमीटरच्या पुढे, आणि त्याच्यामागून स्लायडर (हळू, वळणारा बॉल) येतो तेव्हा बॅटर बॉल यायच्या आधीच बॅट फिरवतो. ऑल-स्टार मॅचला ओहतानीला स्ट्राइकआउट केलं ते आठवतंय ना, त्याच इनिंगमध्ये १०३.६ चा एक बॉल टाकला होता. आणि हे त्याचं रुकी वर्ष होतं.

२६ सप्टेंबरला गुरुवार असून मी सुट्टी टाकून बार्ट ट्रेनने कॉलिझियमला गेलो होतो. ओकलंडमधली ए'जची शेवटची मॅच. ४६,८८९ माणसं. स्टेशनवरून स्टेडियमकडे जाणाऱ्या त्या जाळीच्या पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्या स्टेडियममध्ये एरवी आपण पाय पसरून, पुढची खुर्ची सुद्धा रिकामी, असे बसायचो तिथे लोक पायऱ्यांवर उभे. रेंजर्सविरुद्ध ३-२ अशी एका रनची आघाडी आणि बॉल मिलरच्या हातात. माझ्या बाजूला एक सत्तरीचे गृहस्थ होते, जुनी हिरवी टोपी, ते प्रत्येक पिचला टोपी काढायचे आणि परत घालायचे. थर्ड बेसकडे ग्राउंडर गेला, फर्स्टला थ्रो, संपलं. त्यांनी टोपी काढली ती परत घातलीच नाही. ५७ वर्षं त्या गावात असलेल्या टीमचा शेवटचा सेव्ह ज्या पोराला दिला त्याला मी १३ डॉलरला सोडणार नाही.

– बंडू

---

प्रेषक: अण्णा, सनीव्हेल

बंडू,

मॅचचं लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, मला यायचं होतं पण गुडघ्याने नाही म्हटलं. पण भावना वेगळी आणि ऑक्शनचं २६० डॉलरचं बजेट वेगळं.

ए'ज ६९ जिंकले, ९३ हरले. टीम जिंकलीच नाही तर सेव्ह येणार कुठून? कार्डिनल्सच्या हेल्सलीने ४९ केले, गार्डियन्सच्या क्लासेने ४७. दुसरं, जुलैमध्ये रागाच्या भरात टेबलावर हात आपटून डाव्या हाताचं हाड मोडून घेतलं आणि तीन आठवडे गेले. पिचिंगचा हात उजवा म्हणून निभावलं. २०२३ ला कोपर दुखावलं ते आहेच, मे महिन्यात मरिनर्सविरुद्ध ७ इनिंग एकही हिट दिला नाही आणि त्यानंतर आणखी एक मॅच टाकून थेट सप्टेंबरला दिसला. तिसरं म्हणजे पुढच्या वर्षी टीम सॅक्रामेंटोला चालली, मायनर लीगच्या मैदानावर.

आणि रिलीव्हर, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या स्टार्टरनंतर येणारा पिचर, त्याच्या वर्षाला साधारण ७० इनिंग. दोन रात्री वाईट गेल्या की ईआरए हातचा गेला. माझ्याकडे क्लोजर हेडर होता, ३४ सेव्ह, १०५ स्ट्राइकआउट, आणि ईआरए ३.८०. मी वर्षभर त्याच्यापायी जागा राहिलो.

अण्णा

---

प्रेषक: बंडू, फ्रीमाँट

अण्णा,

सेव्हचा हिशोब मी वेगळा करतो. सेव्ह जिंकण्यावर मिळतो हे खरं, पण आघाडी साधारण ३ रनपर्यंतची असेल तरच ना. मोठी टीम ९-२ ने जिंकते तेव्हा क्लोजर बुलपेनमध्ये (राखीव पिचर थांबतात तिथे) शेंगदाणे खात बसतो. ए'जची बॅटिंग यंदा बेताची, त्यामुळे जिंकले तेव्हा बरेचदा थोडक्यात जिंकले, आणि थोडक्यात म्हणजेच मिलर. ६९ विजयांत २८, ते पण तीन आठवडे घरी बसून. आणि टीम सुधारतेय हो, २०२३ ला ११२ हरले होते, तिथून १९ ने खाली आले.

पण माझा मुद्दा सेव्हचा नाहीच. सेव्ह वेव्हरवर (कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंच्या यादीत) पण मिळतात, एप्रिलमध्ये दर आठवड्याला कुणाचा तरी क्लोजर पडतो आणि नवा उभा राहतो. मिळत नाहीत ते १०४ स्ट्राइकआउट. एखाद्या साध्या स्टार्टरला तेवढ्यासाठी ११० वगैरे इनिंग टाकाव्या लागतात, आणि त्या ११० मध्ये तो तुमचा व्हिप खाऊन टाकतो. मिलर तेच ६५ मध्ये देतो आणि व्हिप खाली ओढतो. म्हणजे माझ्या बाकीच्या पिचरांनी केलेली घाण पण तोच निस्तरतो. यंदाच्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलला बुमराने अठराव्या ओव्हरला दोन रन दिले आणि यान्सेनला उडवला, पूर्ण मॅचमध्ये चारच ओव्हर त्याच्या, पण कोण म्हणेल की चारच ओव्हर टाकतो म्हणून घेऊ नका?

सॅक्रामेंटोचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते मला पण खातंय. कॉलिझियमला फाउल लाइनच्या बाहेर एवढी मोकळी जागा होती की दुसरीकडे प्रेक्षकांत जाणारा बॉल इथे सहज कॅच व्हायचा, आणि संध्याकाळी खाडीवरची गार हवा बॉलला आडवी यायची. सॅक्रामेंटोचा उन्हाळा तुम्हाला माहितीय, जुलैत गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही, तिथे बॉल लांब जाणार. ए'जच्या स्टार्टरांना मी त्याच कारणाने हात लावणार नाही. पण दहातले चार बॅटर जो स्ट्राइकआउट करतो त्याच्या बॉलला हवा लागायला आधी बॅट तर लागू दे.

कोपराचं मी नाकारत नाही. त्याच कारणाने त्याला स्टार्टरचा रिलीव्हर केला ना.

– बंडू

---

प्रेषक: ताई, प्लेझंटन

सगळ्यांना नमस्कार,

मी सहसा वाचते फक्त, टीम आमच्याकडे मुलगा आणि मी मिळून चालवतो. पण मागच्या महिन्यात याच विषयावर कुणीतरी लिहिलं होतं की मिलरला डायबेटिस आहे, असा माणूस किती वर्षं टिकणार. ते वाक्य माझ्या मुलाने वाचलं. तो ११ वर्षांचा आहे आणि त्याला पण टाइप वन आहे, म्हणून लिहिते.

आपल्या घराघरात आजीला, काकांना जी 'साखर' असते ती बहुतेक टाइप टू. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, गोड खाऊन होत नाही आणि चालायला जाऊन बरं होत नाही. बाहेरून इन्सुलिन घ्यायचं, रोज, आयुष्यभर. मिलरला ते छोट्या कॉलेजात असताना निघालं, वजन उतरत चाललं होतं, बॉलला आजच्यासारखा वेगही नव्हता. इन्सुलिन सुरू झालं, खाणं अंगी लागलं, वजन भरलं आणि मग तो वेग आला. म्हणजे आजाराने वेग खाल्ला होता, उपचाराने तो दिला. टिकणार की नाही ते कोपरावरून ठरवा, साखरेवरून नको.

उन्हाळ्यात आम्ही कॉलिझियमला होतो तेव्हा नवव्या इनिंगला मुलाच्या दंडावरच्या सेन्सरचा अलार्म वाजला, साखर ६८ आणि खाली येणारा बाण. मी पर्समधून ज्यूसचा डबा काढून स्ट्रॉ टोचून दिला, तो मैदानावरची नजर न काढता प्यायला आणि मला म्हणाला, आई, मिलरला पण हे करावं लागत असेल ना. मी म्हटलं हो. पंधरा मिनिटांनी आकडा वर आला.

अण्णा, तुम्ही लिहिलं नव्हतंत ते मला माहितीये.

– ताई

---

प्रेषक: अण्णा, सनीव्हेल

ताई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मी नव्हतो, पण वाचून गप्प बसलो होतो, तेव्हाच बोलायला हवं होतं. चिरंजीवांना सांगा अण्णा आजोबांनी विचारलंय, कोजागिरीला माझ्या टेबलाशी बस म्हणावं.

बंडू, क्लोजर हवी असलेली टीम यालाच उचलेल, ए'जनी त्यांच्या रिलीव्हर अर्सेगला जुलैत रॉयल्सला देऊन टाकला तसं मिलरचं कधी करतील भरवसा नाही. दुसऱ्या टीमला गेला आणि तिथे आठव्या इनिंगला टाकायला लावला तर तुझे सेव्ह गेले. तरी तुझा स्ट्राइकआउटचा हिशोब मी काल रात्री वहीत मांडून बघितला आणि तो बसतोय. १३ ला ठेव. मी असतो तर सोबत २-३ डॉलरचा आणखी एक क्लोजर घेतला असता, सगळा भार एकट्या कोपरावर नको.

अण्णा

---

प्रेषक: बंडू, फ्रीमाँट

दुसरा घेतो अण्णा, ते पटलं.

कीपर: मिलर, १३. यादीत टाकतोय. ताई, पुढच्या वर्षी सॅक्रामेंटोला पहिली रात्रीची मॅच बघून चार तिकिटं काढतो, दिवसा उन्हात नको. येताना ज्यूसचे डबे मी आणतो, सफरचंदाचे चालतात ना त्याला?

– बंडू