८०५१ मायक्रोकंट्रोलरवर साधा व्हेरिएबल डिक्लेअर केला तरी एरर

प्रश्न: मेनमध्ये आधी पी१ = ०; लिहिलं आणि त्याखाली अनसाइन्ड चार आय; (म्हणजे आय नावाचा व्हेरिएबल) टाकलं की कील सी५१ (८०५१ साठीचा सी कंपायलर) लगेच सी१४१ सिंटॅक्स एरर देतो आणि पुढे जिथे आय वापरलाय तिथे सी२०२ अनडिफाइन्ड आयडेंटिफायर, पीसीवर जीसीसी कंपायलरमध्ये असंच लिहिलेलं गपचूप चालतं, नक्की भानगड काय?

उत्तर: हा कंपायलर सी८९ वाला, म्हणजे सी भाषेचं १९८९ चं जुनं स्टँडर्ड पाळणारा. ब्लॉकमधली सगळी डिक्लेरेशन्स पहिल्या स्टेटमेंटच्या (तुझ्याकडे पी१ = ०;) आधीच हवीत, मध्येच डिक्लेअर करायची सोय सी९९ (१९९९ चं स्टँडर्ड) पासून आली. ओळ वर घे, सी२०२ वाले आपोआप जातील, ती पहिल्या एररचीच पिल्लं आहेत.

उत्तर: फॉरच्या कंसात इंट आय = ० पण नाही चालणार हां. मध्येच हवा असेल तर नवीन महिरपी कंस उघडून त्यात सुरुवातीला डिक्लेअर कर.

उत्तर: आणि नाव डेटा, कोड, बिट असलं ठेवू नकोस, सी५१ मध्ये ते कीवर्ड आहेत, तिथेही सिंटॅक्स एररच येतो आणि डोकं फिरतं.