‘दडवलेला पुरावा’ की ‘उघड न केलेला पुरावा’?

प्रश्न : इंग्लंडमधील कस्टम्स खटल्यांच्या अपिलांविषयी लिहिताना ‘नॉन-डिस्क्लोजर’साठी ‘पुरावा दडवणे’ आणि ‘इन्फॉर्मंट’साठी ‘फिर्यादी’ हे शब्द चालतील का?

उत्तर : ‘फिर्यादी’ मुळीच चालणार नाही. पहिली खबर नोंदवणाऱ्यालाही कायद्याच्या इंग्रजीत ‘इन्फॉर्मंट’च म्हणतात, त्यातून हा घोळ होतो, पण फिर्यादीचे नाव कागदावर असते, आणि इथे कस्टम्सला गुपचूप माहिती देणाऱ्या माणसाचे सारे मोल त्याचे नाव बाहेर न येण्यात असते. त्याला ‘खबऱ्या’च म्हणावे. शब्द पोलीस चौकीतला वाटला, तरी नेमका आहे.

‘दडवणे’ जपून वापरावे, कारण त्यात हेतू गृहीत धरलेला आहे. आपली बाजू लंगडी करणारे किंवा आरोपीच्या उपयोगी पडणारे कागद बचाव पक्षाला दाखवण्याचे बंधन तिथल्या सरकार पक्षावर १९९६च्या कायद्याने आहे. मात्र खबऱ्याची ओळख सार्वजनिक हितासाठी झाकायची असल्यास न्यायाधीशांची परवानगी घेता येते. अशा परवानगीने दिला न गेलेला कागद ‘राखून ठेवलेला’, आणि निव्वळ हलगर्जीपणाने राहून गेलेला ‘उघड न केलेला’ म्हणावा.

‘लंडन सिटी बॉन्ड’ या गोदामाच्या प्रकरणांत मात्र ‘दडवला’ हाच शब्द शोभतो. निर्यातीसाठी म्हणून शुल्क न भरता बाहेर काढलेली दारू देशातच विकली गेल्याचे ते खटले होते; गोदामातून कस्टम्सला माहिती पुरवणाऱ्यांच्या भूमिकेविषयी खालच्या न्यायालयांची दिशाभूल झाल्याचे दिसल्यावर अपील न्यायालयाने २००२मध्ये अनेकांची दोषसिद्धी रद्द केली.

पुन्हा प्रश्न : तिथे ‘अनसेफ कन्व्हिक्शन’ असा शब्द आहे. ‘असुरक्षित शिक्षा’ म्हणावे का?

उत्तर : या दोन शब्दांत दोन चुका आहेत. ‘कन्व्हिक्शन’ म्हणजे दोषसिद्धी. शिक्षा तिच्यानंतर येते. आणि ‘असुरक्षित’ म्हटले की तुटका जिना डोळ्यांसमोर येतो. ‘दोषसिद्धी भरवशाची नाही’ असे साधे लिहावे. त्याच प्रकरणांत गुन्हा कबूल केलेल्या आरोपींचीही अपिले मान्य झाली. कबुली देताना त्यांना खबऱ्याविषयीची खरी माहिती असती, तर खटलाच थांबवण्याची मागणी करता आली असती. म्हणून ‘निर्दोष ठरले’ असेही लिहू नये. न्यायालयाने दोषसिद्धी भरवशाची नाही एवढेच म्हटले होते.