टेस्ट पीस बागेतल्या कार्यक्रमात घ्यावा का?

तिसरा_कॉर्नेट:
मंडळी, यॉर्कशायरमधला गावचा ब्रास बँड आहे, स्पर्धेतला चौथा गट. मार्चमधल्या स्पर्धेचा 11 मिनिटांचा टेस्ट पीस (गटातल्या सगळ्या बँडांना नेमून दिलेला तुकडा) बसलेला आहे, म्हणून समितीला तोच जूनमध्ये बागेत वाजवायचाय. 45 मिनिटांचे दोन भाग, पितळी वादक 19, सोप्रानो कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं, सगळ्यात उंच सुराचं छोटं वाद्य) नाही. मराठी कुटुंबंही येणार, त्यांच्यासाठी एक आरती घ्यायचीय. काय ठेवावं, काय गाळावं?

जाडा_बास:
अख्खा घेऊ नका. पूर्वी स्पर्धेत ऑपेरातल्या चालींचे गुच्छ असत, ऐकणाऱ्याला चाल ओळखीची असे. 1913 साली क्रिस्टल पॅलेसच्या स्पर्धेला पर्सी फ्लेचरचं 'लेबर अँड लव्ह' हे खास ब्रास बँडसाठी लिहिलेलं संगीत आलं आणि वाट बदलली. आजचा टेस्ट पीस पडद्याआड बसलेल्या परीक्षकासाठी असतो. म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावलेल्या कॉर्नेटांची हळू कुजबुज हॉलमध्ये सुरेख, बागेत आइस्क्रीमच्या गाडीचं इंजिन ती खाऊन टाकतं. संथ भागातला युफोनियमचा (खालच्या, मऊ सुराचं मोठं पितळी वाद्य) सोलो तेवढा घ्या, तीनेक मिनिटं.

45 मिनिटांत संगीत 36-37 मिनिटंच धरा, बाकी वेळ निवेदन आणि पानं उलटण्यात जातो. म्हणजे आठेक तुकडे. सुरुवात मार्चने. अवघड तुकडा तिसरा-चौथा, ओठ ताजे असताना. खरी चूक होते ती सगळ्या चाली सोलो कॉर्नेटांकडे देण्यात. दुसऱ्या भागाच्या मध्यावर त्यांचे ओठ बसतात, वरचे सूर फुटायला लागतात, आणि शेवटचा जोरकस तुकडा नेमका तेव्हाच येतो. त्याआधी ट्रॉम्बोनचा किंवा हॉर्नचा एक तुकडा टाका, कॉर्नेटांना दोन मिनिटं वाद्य खाली ठेवता येईल.

काळी_पाच:
आरतीची पट्टी आधी ठरवा. पेटीवाले पांढरी दोन (डी) म्हणाले तर नाही म्हणा. तुमची वाद्यं कागदावरच्या सुरापेक्षा वेगळा सूर देतात, म्हणून बी-फ्लॅट वाद्यांच्या (कॉर्नेट वगैरे) कागदावर चार शार्प येतात, ई-फ्लॅट हॉर्नला पाच. काळी पाच (बी-फ्लॅट) घेतलीत तर कॉर्नेटला एकही नाही, हॉर्नला एकच. लोक सोबत गाणार असतील तर चाल फ्लुगलहॉर्नला (कॉर्नेटसारखंच, पण मऊ आवाजाचं) द्या, कॉर्नेट गळ्यावर चढतो. वाल्व्ह अर्धा दाबून मींड काढायला जाऊ नका, सूर कोंडतो. मींड हवीच तर ट्रॉम्बोन.

आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या बँडाच्या वह्या मागवून तशाच वाजवू नका. त्यात क्लॅरिनेटच्या ओळी असतात, तुमच्याकडे नुसतं पितळ आणि तालवाद्यं.

तिसरा_कॉर्नेट:
आभार. सोप्रानोच्या ओळीचं काय करू? साध्या कॉर्नेटवर वाजवली तर?

जाडा_बास:
कागदावर प्रत्येक सूर शुद्ध चौथ्याने (सा ते म एवढा) वर न्यावा लागतो, म्हणजे सोप्रानोचा 'सी' कॉर्नेटचा 'एफ'. मुळातच उंच ओळ असेल तर हात लावू नका. चालीला लागणारे सूर तेवढे एक सप्तक खाली घ्या, नुसती चमक सोडून द्या. पूर्ण संच 25 पितळी वाद्यांचा, तुम्ही सहाने कमी. तीन थर्ड-सेकंड कॉर्नेट गेले तर श्रोत्याला कळणार नाही, पण ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट बास प्रत्येकी एक तरी राहिलाच पाहिजे. उघड्यावर आधी तळ (खालचे सूर) जातो, मग वरचे सगळे पत्र्यासारखे वाजतात.

काळी_पाच:
आणि कपड्यांचे चिमटे न्या, स्टँडला चार. पान उलटायच्या आधी एक सोडवायला जमतो का, हे सरावातच बघा. उन्हात वाद्यं तापून सूर चढतो, तेव्हा दुसऱ्या भागाआधी पुन्हा ट्यूनिंग.