एकच विमान विकत घ्यायचं तर ७३७ की ए३२०?

टेलविंड_नाशिक
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी एकच चांगलं प्रवासी विमान (म्हणजे त्यात घालायचं सॉफ्टवेअर) घ्यायचं म्हटलं की जो तो डोळे झाकून फेनिक्स कंपनीचं एअरबस ए३२० सुचवतो. मला हे पटत नाही. पीएमडीजी कंपनीचं बोइंग ७३७-८०० घ्या. दोन्ही २०२२ सालीच आली आणि दोन्हींच्या सिस्टिम्स आपल्यासारख्या हौशी माणसाला वर्षानुवर्षं पुरतील इतक्या खोल आहेत. फरक आहे तो विमान तुमच्याकडून काय करून घेतं यात.

७३७ हाताने उडवताना वेग बदलला की ट्रिम करा (स्टिकवरचा जोर जाईल असं शेपटीचं संतुलन लावा), पंखांचे फ्लॅप सोडले की ट्रिम करा. उतरताना व्हीएनएव्ही (उंचीचा मार्ग सांभाळणारी यंत्रणा) आखलेला मार्ग धरून ठेवतं, पण मागून वारा असला की वेग चढत जातो आणि सीडीयूवर, म्हणजे फ्लाइट कॉम्प्युटरच्या पडद्यावर, ‘ड्रॅग रिक्वायर्ड’ (हवेचा अडथळा वाढवा) झळकतं. मग पंखांवरच्या झडपा उघडून वेग कमी करणारा स्पीडब्रेक तुम्हीच ओढायचा. एअरबस यातलं बरंचसं परस्पर निस्तरते. त्यात शिकणार काय?

डोंबिवली_टॉवर
टेलविंड, खरं ७३७ आणि टेबलावरचं ७३७ यात गल्लत होतेय. आपल्यापैकी बहुतेकांकडे स्प्रिंगची जॉयस्टिक आणि प्लास्टिकचा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर) असतो. खऱ्या ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल, म्हणजे ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, लावला की लिव्हर स्वतः मागेपुढे सरकतात, हाताला कळतं इंजिन काय करतंय. घरचा लिव्हर जिथे ठेवला तिथेच. हजार फुटांवर ऑटोथ्रॉटल काढला की स्क्रीनवरचे लिव्हर एका जागी, हातातला दुसऱ्याच. इंजिनं एकदम गुरगुरतात नाहीतर बसतात, तेही ऐन फायनलवर, धावपट्टी समोर असताना.

ए३२० मध्ये खरे लिव्हरसुद्धा हलत नाहीत. टेकऑफनंतर ‘क्लाइंब’च्या खाचेत टाकले की थेट फ्लेअरपर्यंत (टेकण्याआधी नाक उचलेपर्यंत) तिथेच. साइडस्टिक (वैमानिकाच्या बाजूची छोटी स्टिक) खऱ्या विमानातही स्प्रिंगचीच. म्हणजे साध्या सामानावर खऱ्याच्या जास्त जवळ जाणारं विमान कुठलं, ते तुम्हीच सांगा.

टेलविंड_नाशिक
लिव्हरचा मुद्दा बिनतोड. पण त्यावर उपाय आहे: ऑटोपायलट काढताना ऑटोथ्रॉटलही काढायचा, त्याआधी हातातला लिव्हर स्क्रीनवरच्या लिव्हरशी जुळवून घ्यायचा. सवयीचा भाग आहे. आणि स्टिक सोडली तरी विमान आहे तसंच जात राहतं, याला मी उडवणं म्हणत नाही.

फ्लेअर_मोड
अहो, एकदा हाताने उतरवून तर बघा! ५० फुटांवर ए३२० नाकाचा कोन लक्षात ठेवते आणि ३० फुटांपासून स्वतःच नाक हळूहळू खाली ढकलू लागते. का? तर वैमानिकाला नेहमीच्या विमानासारखी स्टिक मागे ओढावी लागावी म्हणून. विमानाची ‘रिटार्ड’ (ताकद कमी करा) ही सूचना ऐकून लिव्हर मागे घेतले आणि स्टिक तशीच धरून बसलात तर धावपट्टीवर आपटाल. आळशी विमान म्हणणाऱ्यांनी आडव्या वाऱ्यात दहा लँडिंग करावीत, मग बोलू.

लोहगावकर
तुमचं चालू द्या. मला पुण्याहून इंडिगोनं दिल्लीला जायचंय. इंडिगोची नवी विमानं निओ, म्हणजे नव्या इंजिनांची, आणि फेनिक्सचं ए३२० जुन्या इंजिनांचं. फ्लायबायवायरचं ए३२०निओ लीप इंजिनांसकट येतं आणि एक पैसा लागत नाही. फुकट ते पौष्टिक!

एअर इंडिया एक्सप्रेसचं ७३७-८०० हवं असेल तर पीएमडीजी ठीक. पण अकासाचा ताफा सगळा मॅक्स, म्हणजे ७३७ ची नवी आवृत्ती. तो हवा तर आयफ्लाय या दुसऱ्या कंपनीकडे जावं लागेल.

टेलविंड_नाशिक
फुकटचं आहे म्हणून कौतुक जरा जास्तच होतंय.

फ्लेअर_मोड
नाही हो, इथे मी लोहगावकरांच्या बाजूचा. फ्लायबायवायर म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी सिम्युलेटरमध्ये मूळचं असलेल्या ए३२०निओवर उभा केलेला मुक्त-स्रोत प्रकल्प. फ्लाइट कंट्रोलचं काम तर अप्रतिम. फेनिक्स पुढे जातं ते बिघाडांत. वरच्या पॅनेलवरचा सर्किट ब्रेकर ओढा आणि ईकॅमवर (बिघाड दाखवणाऱ्या पडद्यावर) काय काय येतं ते बघत बसा. ज्याला हायड्रॉलिक गेल्यावर चेकलिस्ट करत बसायला आवडतं त्यानं पैसे टाकावेत. नुसतं पुणे-दिल्ली करणाऱ्यानं का टाकावेत?

नवा_गडी
काका लोक, माझा कॉम्प्युटर मध्यमच आहे, जॉयस्टिक सर्वांत स्वस्तातली, पायाने मारायचे पेडल नाहीत. काय घेऊ?

डोंबिवली_टॉवर
विमान घेऊच नकोस. फ्लायबायवायर डाउनलोड करून घे आणि पैसे पेडलमध्ये घाल. स्टिक पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) मारायची सवय लागली की आडव्या वाऱ्यात नाक सरळ करताना पंखही कलतो. आणि फेनिक्स आपल्या सिस्टिम्स सिम्युलेटरच्या बाहेर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालवतं, तेव्हा प्रोसेसर बेताचा असेल तर आधी तो बघ.

टेलविंड_नाशिक
पेडल घेच, त्यात दुमत नाही. पण पेडल आल्यावर वापरायचे कुठे? हवेत वळताना एअरबस रडरचं कामही स्वतःच करते. वर्षभरानं ७३७ घेशील तेव्हा इथे येऊन सांग.

डोंबिवली_टॉवर
यॉ डॅम्पर, म्हणजे रडर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, ७३७ मध्येही असतो, टेलविंडराव. वळताना पेडल तिथेही कोणी मारत नाही.