‘कार्बन प्लेट घाला, चार टक्के फुकट’ – पाच तासांच्या मॅरेथॉनला हे गणित लावू नका

मोजपट्टी

मुंबई मॅरेथॉनची पहिलीच तयारी करणाऱ्यांना काल इथे एकाने सल्ला दिला: “वीस हजार गेले तरी चालतील, पण कार्बन प्लेटचेच बूट घ्या. चार टक्के फुकट मिळतात. पाच तास लागणार असतील तर बारा मिनिटं वाचलीच समजा.” (म्हणजे तळाच्या जाड फोममध्ये कार्बन फायबरची कडक पट्टी बसवलेले शर्यतीचे बूट.) त्यावर सहमतीची रांग लागली. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

चार टक्के आले कुठून? कोलोरॅडो विद्यापीठातल्या २०१७ च्या चाचणीतून, नायकेच्या व्हेपरफ्लायच्या नमुना बुटावर. धावपटू १८, सगळे दहा किलोमीटर ३१ मिनिटांच्या आत पळणारे. ट्रेडमिलचा वेग ताशी १४, १६ आणि १८ किमी. त्यातला सर्वात कमी वेग म्हणजे किलोमीटरला ४:१७ मिनिटं, तीन तासांची मॅरेथॉन. पाच तासवाला ७:०७ ने पळतो. शिवाय तिथे मोजली ती खर्च झालेली ऊर्जा. तेवढेच टक्के घड्याळातून कमी होतील असं कुणी म्हटलंच नव्हतं.

हळू पळणाऱ्यांवरची चाचणी २०२३ मध्ये आली. ताशी १२ किमीच्या वेगाला सरासरी १.४ टक्के ऊर्जेची बचत, १० च्या वेगाला ०.९. आणि १० च्या वेगाला माणसामाणसातला फरक सरासरीच्या दुप्पट, म्हणजे काहींना बूट उलट महाग पडला. १० चा वेग म्हणजे सव्वाचार तासांची मॅरेथॉन. पाच तासवाला त्याच्याही खाली.

कारण साधं आहे. फोम जितका दाबला जातो तितकंच परत देतो. वेगात चवड्यावर उतरणाऱ्याचा भार वजनाच्या अडीचपट किंवा त्याहून जास्त पडतो. हळू पळताना तो कमी, जमिनीवरचा वेळ जास्त, आणि टाच आधी टेकते. फोम पुरता दबतच नाही.

आणि प्लेट प्लेट करणाऱ्यांसाठी: व्हेपरफ्लायची प्लेट चवड्याखाली करवतीने आडवी कापून पुन्हा चाचणी झाली आहे. ऊर्जेत पडलेला फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, मोजणीतल्या चढउतारात हरवणारा. काम करतो तो पीबा, म्हणजे या बुटांतला हलका, उसळी देणारा फोम. पाचच्या पेसच्या आत, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटांहून कमी वेळात, पळत नसाल तर पीबाचा बिनप्लेटचा नाहीतर नायलॉन प्लेटचा बूट घ्या, आणि उरलेले पैसे साध्या रोजच्या बुटांना लावा.

पेडर_रोड

पूर्ण असहमत. आकडे दिलेत, पण सोयीचे तेवढेच.

एक, कोलोरॅडोत तुलनेला घेतलेल्या तिन्ही बुटांचं वजन सारखं करून घेतलं होतं. हलक्या बुटांत शिशाचे छर्रे घातले होते. म्हणजे वजनाचा फायदा त्या चार टक्क्यांत धरलेलाच नाही. पायामागे १०० ग्रॅम कमी झाले की साधारण एक टक्का ऊर्जा वाचते. पाच तासवाला ज्या ३०० ग्रॅमच्या रोजच्या बुटातून २०० ग्रॅमच्या बुटात येतो, त्याला हा टक्का वर मिळतोच.

दोन, या सगळ्या चाचण्या पाच-पाच मिनिटांच्या, ताज्या पायांवरच्या. मॅरेथॉन ठरते पेडर रोडच्या चढाला, तीस किलोमीटर पार झाल्यावर. तोवर मांड्यांचं दगड झालेलं असतं. जाड फोममुळे तो मार उशिरा बसतो. पाच तास रस्त्यावर असणाऱ्याची पावलं तीन तासवाल्यापेक्षा कितीतरी जास्त, मग गादीची गरज कुणाला जास्त?

तीन, करवतीच्या चाचणीत प्लेट कापली तरी ती बुटातच होती. चमच्यासारखा बाक तसाच होता. फोम मऊ आणि उंच, त्याला घट्ट धरायला काहीतरी लागतंच. प्लेट काढून टाकली तर तो पाय डुगडुगेल. त्यामुळे ‘प्लेटचं काम शून्य’ हा निष्कर्ष त्या चाचणीतून निघत नाही.

चवडा

दोघेही सेकंद मोजताय. पायाचं काय?

ग्रुपमध्ये हल्ली हेच चाललंय. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात बूट येतो, एकदा पाच किलोमीटर पळून बघतात आणि थेट बेचाळीसला घालतात. मग पोटरी धरते, अकिलीस (टाचेमागची शीर) सुजतो. प्लेट बोटांच्या सांध्याचं वाकणं अडवते आणि भार दुसरीकडे सरकतो. २०२३ मध्ये पावलातल्या नाविक्युलर हाडाला ताणाची इजा झालेल्या पाच धावपटूंच्या केसेस छापून आल्या, सगळे कार्बन प्लेट वापरणारे. पाच केसवरून कारण सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण हे हाड कमानीच्या माथ्यावर असतं, रक्तपुरवठा कमी, बरं व्हायला महिने लागतात. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, एका बोटाने दाबून दुखत असेल तर ‘अंगावर काढू’ म्हणू नका. पळणं त्याच दिवशी थांबवा.

घ्यायचाच असेल तर आधी एका पायावर टाच उचलून बघा. सलग २५ वेळा, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर. पंधरालाच थरथर सुटत असेल तर बूट दुकानातच राहू द्या. जमत असेल तर पहिला आठवडा २० मिनिटं सावकाश, मग आठवड्यातून एकच सत्र, तेही टेम्पोचं, म्हणजे एकसारख्या जरा वेगाच्या पळण्याचं. शर्यतीआधी एक लाँग रन, त्यातले १२ ते १५ किमी शर्यतीच्या पेसने. रोज घालायचा नाही. या शिस्तीशिवाय नवख्यांना हे बूट सुचवणारे कोच चूक करताहेत, आणि दुखापतीनंतर त्यांच्यातलं कुणी फिजिओचं बिल भरायला येत नाही.

यवतेश्वर

मुंबईचा रस्ता जवळपास सपाट. आमच्याकडे साताऱ्याच्या हिल हाफला, म्हणजे घाटातल्या अर्धमॅरेथॉनला, हे बूट घालून येणाऱ्यांचं सांगतो. यवतेश्वरचा घाट चढताना सगळं ठीक. परतीला उतार आहे, पावसाळा आहे, रस्ता ओला. बुटाखाली रबराचा पातळ थर, मध्ये फोम उघडा. पांढऱ्या पट्ट्यावर पाय पडला की घसरतो. कडेच्या शेवाळावर तर विचारू नका.

खरा घोळ टाचेत आहे. मिडसोलची (तळातल्या फोमच्या थराची) उंची ४० मिमीच्या आसपास आणि टाचेखालचा पाया अरुंद. उतारावर टाचेवर ब्रेक मारला की फोम एका बाजूला दबतो आणि घोटा आत किंवा बाहेर कलतो. वळणावर रस्त्यालाही कल असतो, त्यात हे.

पेडर_रोड

उताराला तोच फोम मांड्या वाचवतो की! साताऱ्यात पुढे येणाऱ्यांच्या पायात बघा, प्लेटचेच बूट असतात.

यवतेश्वर

पुढचे लोक उतारावर साडेतीनच्या आत पळतात, छोटी झपझप पावलं, पाय अंगाखाली. त्यांची टाच टेकतच नाही. तुम्ही ज्यांची बाजू घेताय तो माणूस सातच्या पेसने टाच आपटत, पाय पुढे टाकत उतरतो. पुढच्यांच्या पायातलं बघून मागच्याने बूट घ्यायचा हाच तर रोग आहे! घोटा मुरगळून कठड्यावर बसलेली माणसं मागच्याच गटात दिसतात.

चवडा

यवतेश्वरांशी सहमत. एक भर: उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, कारण या बुटांचं वरचं कापड पातळ आणि ताण नसलेलं. लेस बांधताना वरच्या जादा छिद्रातून दोन्हीकडे फास करून घ्या, टाच जागेवर बसते. जीभ कागदासारखी असते, लेस पावलावर रुतते. चवड्यावर सैल, घोट्याजवळ घट्ट, असं बांधा.

पेडर_रोड

मी मुंबईचं बोलतोय आणि तुम्ही सगळे मला घाटात ओढताय. ओल्या रस्त्याला ओल्या रस्त्याचं रबर बघून घ्या ना! आदिदासच्या काही बुटांना काँटिनेंटलचं रबर येतं, प्यूमाचं रबरही पावसात धरतं. सगळ्या प्लेटच्या बुटांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

यवतेश्वर

रबराचं मान्य. टाचेच्या रुंदीचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि मुंबई म्हणता, तर पाच तासवाला मुंबईतही पाण्याच्या टेबलांपाशी चालतो. तिथे सांडलेलं पाणी, चिरडलेल्या बाटल्या, संत्र्याच्या साली. पुढून वर वळलेल्या बुटात चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला पुढे ढकललं जाणं. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये अर्धं चालणार असेल, तर तो बूट त्याच्यासाठी नाहीच.

मोजपट्टी

घाट बाजूला ठेवून मूळ मुद्द्यावर येतो. पेडर_रोड, वजनाचा मुद्दा खरा आहे, मी तो लिहायला हवा होता. पण तो तुमच्या बाजूने पूर्ण जात नाही. २०० ग्रॅमचा हलका बूट प्लेटशिवायही मिळतो, तो टक्का कार्बनच्या खात्यावर मांडू नका. तुलना करायची तर ६०० किमी झिजलेल्या रोजच्या बुटाशी करू नका, हलक्या नव्या बुटाशी करा.

सरासरीवर भांडण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःच्या पायावर मोजावं. जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंमध्येही साध्या पातळ बुटाच्या तुलनेत ११ टक्के तोट्यापासून ११ टक्के फायद्यापर्यंत फरक दिसला आहे.

पद्धत अशी. दोन्ही बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. नवीन बूट आधी २०-३० किमी पळवा. पहाटे, ऊन यायच्या आत, मरीन ड्राइव्हसारखा सपाट रस्ता, जाऊन-येऊन, म्हणजे वारा दोन्ही बाजूंनी लागेल. १५ मिनिटं वॉर्म-अप. मग शर्यतीच्या पेसने सात-सात मिनिटांचे चार तुकडे: जुना, नवा, नवा, जुना. मध्ये चार मिनिटं, तेवढ्यात बूट बदला. हा क्रम महत्त्वाचा. मुंबईच्या दमटपणात पेस तोच ठेवला तरी हृदयगती आपोआप चढत जाते. जुना-जुना-नवा-नवा केलंत तर चढलेले ठोके नव्या बुटाच्या माथी जातात. छातीचा पट्टा वापरा, मनगटावरचं घड्याळ एवढ्या बारीक फरकाला पुरत नाही. प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या तीन मिनिटांची सरासरी घ्या. दोन-तीन ठोक्यांचा फरक एकदाच दिसला तर सोडून द्या. आठवड्याने उलट क्रमाने तसाच दिसला तर धरा.

पेडर_रोड

पद्धत ठीक आहे. पण ती ताज्या पायांचीच झाली. माझा आक्षेप तिथेच होता आणि आहे. हीच चाचणी २५ किमीच्या लाँग रननंतर करा, मग बोला.

मोजपट्टी

करा ना, हरकत नाही. २५ नंतर दोनच तुकडे पुरे, आणि पुढच्या लाँग रनला क्रम उलटा. त्यासोबत दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या किती दुखतात त्याला दहापैकी गुण द्या. थकलेल्या पायांत फायदा वाढतो हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. ०.९ ऐवजी दीड टक्का निघेल कदाचित. चार टक्के आणि बारा मिनिटं मात्र निघणार नाहीत, आणि माझा राग त्या बारा मिनिटांच्या आश्वासनावर आहे.

पेडर_रोड

बारा मिनिटांचं आश्वासन चुकीचं, एवढं सोडतो. ‘बूटच घेऊ नका’ हे मात्र मान्य करत नाही.

शेवटचेदहा

एक राहिलं. टिकाऊपणा. ४५० किमी पळवलेल्या पीबा फोमची चाचणी झाली आहे. नवा असताना रोजच्या बुटांतल्या साध्या ईव्हीए फोमवर त्याची जी आघाडी होती, ती तोवर संपलेली होती. म्हणून ‘सरावालाही तोच घाला’ हा सल्ला पैसे आणि फायदा दोन्ही घालवतो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली, किंवा मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या बूट काढल्यावरही तशाच राहिल्या, तर शर्यतीसाठी तो संपला. रबर चांगलं दिसतंय म्हणून सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधी बघावं. रबर शाबूत आणि फोम मेलेला, असे बूट भरपूर विकायला येतात.

यवतेश्वर

आणि असा कललेला बूट घालून घाटात येऊ नका. टाचेच्या रुंदीबद्दल पेडर_रोड यांच्या उत्तराची वाट बघतोय.