वृत्त-संकेतस्थळाच्या मांडणीला दृश्यसूत्र असावे का? शून्य मैलाच्या निमित्ताने

धंतोलीकर :
नागपूर शहराच्या बातम्या मजकूर, छायाचित्रे, ध्वनी आणि व्हिडिओ अशा चारही रूपांत देणारे संकेतस्थळ आम्ही काही जण उभे करीत आहोत. मांडणीसाठी दोन थीम, म्हणजे दृश्यसूत्रे, पुढे आल्या आहेत : संत्रे आणि शहरातील शून्य मैलाचा स्तंभ. संत्रे मला नको वाटते, कारण ते रंगापलीकडे काही सुचवत नाही. शून्य मैल हे मूळचे मोजणीचे ठिकाण असल्यामुळे त्यातून मांडणीचा नियमच हाती येतो. मुखपृष्ठावर नकाशा असावा, प्रत्येक बातमी घटनास्थळाच्या अंतरानुसार मध्यापासून जवळ किंवा दूर दिसावी, आणि व्हिडिओ, ध्वनिफीत, छायाचित्रे यांच्या खुणा मैलाच्या दगडांच्या घडणीच्या असाव्यात. कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे थीम ठरवत असेल, तरच ती वापरण्यात अर्थ आहे.

जुना उपसंपादक :
जागा थीमने ठरवायची, तर संपादकाने काय करायचे? अंतर हा बातमीच्या महत्त्वाचा निकष नाही. आपल्या नियमाने सीताबर्डीतील वाहतूक कोंडी मध्यभागी येईल आणि गडचिरोलीतील चकमक नकाशाच्या कडेला जाईल. नागपूरला स्वतःपलीकडचा विदर्भ दिसत नाही, ही चंद्रपूर-यवतमाळकडची तक्रार जुनीच आहे. ती आपण मुखपृष्ठावर कोरून ठेवणार आहात. शिवाय विधानभवन त्या स्तंभाच्या जवळच असल्याने हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सगळ्या खुणा एकाच ठिकाणी एकमेकींवर चढतील, आणि नेमकी कोणती बातमी उघडायची हे वाचकाला कळणार नाही.

गोरेवाडा :
उपसंपादकांशी मी निम्माच सहमत आहे. थीम हवी, पण ती एखाद्या मोठ्या विषयापुरती. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टनेल क्रीक येथील हिमस्खलनावर जी दीर्घ वृत्तकथा केली, तिच्यात बर्फ हेच दृश्यसूत्र होते. वाचक खाली सरकत जाई तसे नकाशे, हलती चित्रे आणि मुलाखती मजकुरातच उलगडत जात. तिला २०१३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. मात्र ती मांडणी त्या एका कथेची होती, रोजच्या मुखपृष्ठाची नव्हती. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या घटनेला प्रवाहाचे सूत्र चपखल बसेल : वाचक तलावापासून पाण्याच्या दिशेने उतरत जाईल आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तीतील व्हिडिओ त्याला तिथेच भेटतील. तेच सूत्र कळमन्याच्या बाजारभावांना लावले तर हसे होईल.

फक्त मोबाईलवरून :
पान उघडेपर्यंत वाचक थांबेल, हे आपण सर्वांनीच गृहीत धरलेले दिसते. गुगलच्या निकषानुसार पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. स्वस्त फोनवर हलत्या नकाशाला हे जमणे कठीण आहे. संत्र्याला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळे. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते, आणि पांढऱ्यावरची भडक नारिंगी अक्षरे तिथवर पोहोचत नाहीत.

इतवारी :
मग नारिंगीवर काळी अक्षरे घ्यावीत; ती हे प्रमाण सहज ओलांडतात. यात संत्र्याचा काय दोष?

धंतोलीकर :
गडचिरोलीबद्दलचा आक्षेप गंभीर आहे, परंतु तो नकाशावर नसून त्याच्या मध्यबिंदूवर आहे. मध्यबिंदू वाचकाला निवडता येईल, म्हणजे गडचिरोलीच्या वाचकाला गडचिरोलीच मध्यभागी दिसेल. पहिली बातमी अर्थातच संपादक ठरवतील आणि नकाशा तिच्या खाली येईल. वेगासाठी आधी स्थिर चित्र दाखवून वाचकाने स्पर्श केल्यावरच तो हलता करता येईल. गोरेवाडा यांचे म्हणणे मात्र मला पटत नाही. प्रत्येक मोठ्या विषयाला नवी मांडणी द्यायची, तर छोट्या चमूची सारी शक्ती त्यातच खर्च होईल, आणि कुठे काय सापडते हे वाचकालाही दर वेळी नव्याने शिकावे लागेल.

जुना उपसंपादक :
मध्यबिंदू हलवता येणार असेल, तर शून्य मैल उरला कुठे? मग ती थीम राहत नाही, साधा नकाशा होतो. आणि पहिल्या बातमीच्या खाली असलेल्या साध्या नकाशाला माझा काहीच विरोध नाही.