‘युद्धात ओढला गेला’ की ‘युद्ध ओढवलं’?

पहिल्या महायुद्धातल्या पोर्तुगालवर एक लेख लिहून मी संपादकांकडे दिला होता. त्यात एक वाक्य होतं : ‘तटस्थ असलेला पोर्तुगाल १९१६ साली युद्धात ओढला गेला.’ कागद परत आला तेव्हा ‘ओढला गेला’भोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि समासात एकच शब्द : ‘कोणी?’

त्या शब्दावर दोन दिवस अडून बसलो आहे. घटना थोडक्यात सांगतो. पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे ब्रिटनला मालवाहू जहाजांची टंचाई भासू लागली होती. जर्मनीची सुमारे ७० जहाजं युद्ध सुरू झाल्यापासून पोर्तुगालच्या आणि त्याच्या वसाहतींच्या बंदरांत अडकून पडली होती. ती ताब्यात घ्या, असं ब्रिटनने सांगितलं. फेब्रुवारी १९१६मध्ये लिस्बनच्या टेगस नदीत उभ्या असलेल्या जहाजांवर पोर्तुगीज नौसैनिक चढले आणि जर्मन निशाणं उतरवली. ९ मार्चला जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं.

आता ओढलं कोणी? ब्रिटनने, जर्मनीने, की लिस्बनमधल्या सरकारने स्वतःच? आणि ‘तटस्थ’ हा शब्द तरी त्या देशाला लागू पडतो का? जाणकारांनी कृपया मत द्यावं.

प्रतिसाद : कर्ता कुठे गेला?

संपादकांनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे शाळेतलं उदाहरण आठवा. त्यातून ‘रामाकडून’ काढलं तरी वाक्य उभं राहतं, आणि मारणारा नाहीसा होतो. ‘ओढला गेला’चं तेच होतं. इतिहासाच्या पुस्तकांत ही रचना फार आढळते, कारण लिहिणाऱ्याला निवाडा करावा लागत नाही.

मराठीत याच धातूजवळचं याहून नेमकं क्रियापद आहे : ओढवणे. संकट ओढवतं, प्रसंग ओढवतो, युद्धही ओढवतं. ‘ओढला गेला’ म्हटलं की देश जागचा हलून युद्धाकडे जातो. ‘ओढवलं’ म्हटलं की देश जागेवरच असतो, युद्ध चालून त्याच्या दारात येतं. आणि ‘ओढवून घेतलं’ म्हटलं की ते यायला त्याची स्वतःची करणी कारण झाली. तिन्हींत फरक मोठा आहे. तुमचा पोर्तुगाल यांपैकी कुठे बसतो, ते आधी ठरवा. शब्द आपोआप मिळेल.

तट म्हणजे काठ

‘तटस्थ’बद्दल. तटावर उभा तो तटस्थ. नदीच्या पात्रात काय चाललंय ते त्याला दिसतं, पण त्याचे पाय कोरडे असतात. जुन्या मराठीत ‘तटस्थ होणे’ म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी थिजणे, असाही अर्थ आहे. कीर्तनकारांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो : ‘ते रूप पाहून सगळी सभा तटस्थ झाली.’ राजकारणातला अर्थ पुढे रुळला आणि वर्तमानपत्रांनी तो घट्ट केला.

‘त्रयस्थ’ निराळा. दोघांच्या भांडणात तिसऱ्या जागी असलेला तो त्रयस्थ. त्याला काठ लागत नाही, अंतर लागतं. ‘अलिप्त’ आणखी निराळा, लेप न लागलेला. १९६१च्या बेलग्रेड परिषदेपासून आपण ‘अलिप्त राष्ट्रे’ म्हणतो ते शांततेच्या काळातल्या धोरणाला. तटस्थता हा युद्धकाळातला कायदेशीर दर्जा आहे, त्याला १९०७च्या हेग करारांतले हक्क आणि बंधनं चिकटलेली आहेत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले पाहून वाईट वाटतं.

उदासीन

कौटिल्याचा शब्द ‘उदासीन’ आहे, आणि तो आज पार बिघडला आहे. आज ‘प्रशासन उदासीन’ म्हणजे हात झटकून बसलेलं. मुळात उत् + आसीन, वर, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात, म्हणजे एकमेकांशी संबंध असलेल्या राजांच्या वर्तुळात, उदासीन राजा दुबळा नसतो. तो विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), अरी (त्याचा शत्रू) आणि मध्यम या तिघांहून बलवान असतो. ते एकत्र असोत वा फुटलेले, त्यांच्यावर अनुग्रह, म्हणजे मदत, करण्याची त्याची ताकद असते, आणि फुटलेले असतील तर निग्रह, म्हणजे बंदोबस्त, करण्याचीही. म्हणून त्याला बाजूला बसता येतं. जो विजिगीषू आणि अरी या दोघांच्या सीमेला लागून आहे तो ‘मध्यम’, त्याचं दुखणं वेगळं.

कौटिल्याने सांगितलेल्या परराष्ट्र धोरणाच्या सहा गुणांतलं ‘आसन’ही याच आस् धातूचं. त्याची व्याख्या ‘उपेक्षणम्’, म्हणजे बसून नुसतं पाहणं. ‘उपेक्षा’चाही अर्थ आपण पुढे दुर्लक्षावर आणून ठेवला.

माझं म्हणणं असं की १९१६चा पोर्तुगाल उदासीन तर नव्हताच, तेवढं बळ त्याच्याकडे नव्हतं. तो तटस्थही नव्हता. ऑगस्ट १९१४मध्ये तिथल्या संसदेने ब्रिटनशी असलेल्या जुन्या मैत्रीचा पुनरुच्चार केला, पण युद्ध पुकारलं नाही आणि तटस्थतेची घोषणाही केली नाही. तटस्थता जाहीर करू नका, असं ब्रिटननेच सांगितलं होतं. त्याच वर्षी आफ्रिकेत, अंगोला आणि मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतींच्या सीमांवर, जर्मन आणि पोर्तुगीज सैनिकांच्या चकमकी झडल्या होत्या. याला मराठीत सरळ शब्द आहे : तळ्यात-मळ्यात.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

‘तळ्यात-मळ्यात’ वाचून खुर्चीतून उठलो. लहानपणी अंगणात खडूने रेघ ओढून आम्ही हा खेळ खेळायचो. रेघेवर पाय पडला की बाद. पोर्तुगाल दीड वर्ष त्या रेघेवर पाय ठेवून होता.

कारणंही लिहितो, म्हणजे क्रियापद ठरवायला मदत होईल. १९१०मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं होतं, त्याला युरोपात मान हवा होता. शेजारी स्पेनची धास्ती होती. सगळ्यांत मोठी काळजी आफ्रिकेतल्या वसाहतींची. १८९८मध्ये आणि पुन्हा १९१३मध्ये ब्रिटन आणि जर्मनी त्या आपसांत वाटून घेण्याच्या वाटाघाटी करून बसले होते. तहाच्या टेबलावर जागा हवी असेल तर रणांगणावर माणसं हवीत, असं पंतप्रधान अफोंसो कॉश्टा आणि त्यांच्या पक्षाचं मत होतं. पुढे पन्नास हजारांहून अधिक सैनिक फ्रान्सला गेले. ९ एप्रिल १९१८ला लिस नदीकाठी जर्मन हल्ल्यात त्यांची फळी एका दिवसात मोडली आणि हजारो कैद झाले. ती बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती. त्यांच्यासाठी मात्र ‘ओढले गेले’ हेच खरं, आणि तिथे कर्ताही सांगता येतो : त्यांच्याच सरकारकडून.

मुरगावहून

मी वास्कोचा आहे. जर्मन जहाजांचा उल्लेख आला आणि मुरगावचं नाव नाही, हे बरं वाटलं नाही. १९१६मध्ये आमच्या बंदरात अडकलेली जर्मन जहाजंही पोर्तुगीजांनी ताब्यात घेतली होती.

दुसऱ्या महायुद्धात तर गोष्ट दारातच घडली. हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल या वेळी खरोखर तटस्थ होता, म्हणून त्याच्या ताब्यातला गोवाही तटस्थ. १९३९पासून ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन जहाजं आणि ‘अन्फोरा’ हे इटालियन जहाज मुरगावात आसऱ्याला होती. ‘एरेनफेल्स’वरच्या चोरट्या बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळतो, अशी ब्रिटिशांची खात्री झाली होती. तटस्थ बंदरात लष्कर उघडपणे पाठवता येत नव्हतं. म्हणून कलकत्त्याच्या स्वयंसेवक दलांतले, वय उलटलेले गोरे लोक कोचीनहून ‘फीबी’ नावाच्या गाळ उपसणाऱ्या बार्जवर बसून आले. ९ मार्च १९४३च्या रात्री ते ‘एरेनफेल्स’वर चढले. खलाशांनी चारही जहाजांना स्वतःच जलसमाधी दिली. तारीख पाहा : जर्मनीने पोर्तुगालवर युद्ध पुकारलं त्याला त्या दिवशी २७ वर्षं झाली होती.

सात महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्याच बंदरात स्वीडनचं ‘ग्रिप्सहोल्म’ आणि जपानचं ‘तेइया मारू’ ही जहाजं आली. प्रत्येकावर सुमारे दीड हजार माणसं. त्यांत अमेरिकन होते, जपानी होते, शत्रूच्या देशात अडकलेले नागरिक होते. इथे त्यांची अदलाबदल झाली आणि ती आपापल्या घरच्या वाटेला लागली. हे करायला तटस्थ बंदराचा धक्काच लागतो. झुआरी नदीच्या मुखाशी उभं राहिलं की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. म्हणून ‘तटस्थ’ या शब्दातला ‘तट’ मला नुसता अलंकार वाटत नाही.

वर विचारलेल्या तीन क्रियापदांत गोव्याला ‘ओढवलं’ लागू पडेल, पण एका रात्रीपुरतंच.

तिमोरचं काय?

‘ओढवलं’चं खरं उदाहरण पोर्तुगीज तिमोर ही आग्नेय आशियातली वसाहत आहे. पोर्तुगाल तटस्थच होता. १७ डिसेंबर १९४१ला ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य गव्हर्नरचा निषेध न जुमानता तिची राजधानी ‘दिली’ इथे उतरलं. सालाझारनेही निषेध केला. फेब्रुवारी १९४२मध्ये जपानी आले आणि युद्ध संपेपर्यंत राहिले. तिमोरी मृतांचे अंदाज ४० हजारांपासून ७० हजारांपर्यंत जातात. कागदोपत्री तो देश शेवटपर्यंत तटस्थ. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते हे.

जुंपणे

एक क्रियापद राहिलं. मराठीत युद्ध ‘जुंपतं’, आणि बैलही जुंपतात. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. तिथे ना ‘ओढला गेला’, ना ‘ओढवलं’. तिथे ‘जुंपला’. तटस्थ राहायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्कच ज्याला नाही त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ‘तटस्थ असलेला’ काढून टाकलं, कारण त्याने ते कधी जाहीरच केलं नव्हतं. मागणी ब्रिटनची होती, पण सरकार तिची वाट पाहत होतं, म्हणून ‘ओढवून घेतलं’ घेतो आहे. लिस नदीकाठच्या सैनिकांसाठी वेगळं वाक्य केलं. आज पाठवलेला मजकूर असा :

‘दीड वर्ष तळ्यात-मळ्यात करत असलेल्या पोर्तुगालच्या सरकारने १९१६च्या फेब्रुवारीत, ब्रिटनच्या मागणीवरून, जर्मन जहाजं ताब्यात घेऊन युद्ध ओढवून घेतलं. त्या युद्धात त्याने आपल्या शेतकऱ्यांना जुंपलं.’